अँटिव्हायरस कुठला टाकू, दादा?

ही या आठवड्याच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. लोकलमध्ये रेंज जाते, हेडफोन विसरतो, त्या सगळ्यांसाठी. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' शंभर वेळा येतं तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

मागच्या महिन्यात सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, मामानं नवा लॅपटॉप घेऊन दिला. आता दोन प्रश्न. "दादा, अँटिव्हायरस कुठला टाकू? दुकानदार म्हणतोय तीन वर्षांचा घे, स्वस्त पडेल. आणि मेलसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकू की ब्राउझरमध्येच उघडू?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. म्हटलं, पाच मिनिटांत सांगतो. पण फोन ठेवला आणि आमच्या घरातला 2008 सालचा एक प्रसंग आठवला. तेव्हा हे दोन प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिला दिलेलं उत्तर कळणार नाही.

एकच माणूस, दोन्ही कामं

सुरुवात 1971 ला होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बीबीएन नावाची कंपनी होती. इंटरनेटची आजी म्हणता येईल अशा अर्पानेटवर तिथे काम चालायचं. रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं तिथे एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर निरोप पाठवायचा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही मशिन एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, पण निरोप नेटवर्कवरून फिरून गेला. माणसाचं नाव आणि मशिनचं नाव वेगळं दाखवायला त्यानं कीबोर्डवरचं 'ॲट'चं चिन्ह निवडलं. आज आपल्या प्रत्येकाच्या मेल आयडीत ते आहे. पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं, हे त्याला स्वतःलाही नंतर आठवत नव्हतं.

आता गंमत बघा. त्याच कंपनीत, त्याच सुमारास, बॉब थॉमस नावाच्या सहकाऱ्यानं 'क्रीपर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो नेटवर्कवरून या मशिनवरून त्या मशिनवर जायचा आणि 'मी क्रीपर, जमलं तर पकडा' अशा अर्थाचा मजकूर छापायचा. नुकसान काही नाही, नुसता प्रयोग. पण त्याला शोधून पुसणारा प्रोग्रॅमही लवकरच आला, त्याचं नाव 'रीपर'. आणि तो लिहिला कुणी? रे टॉमलिन्सननंच.

म्हणजे पहिला नेटवर्क ई-मेल आणि पहिला अँटिव्हायरस, दोन्ही एकाच माणसाचे. बहिणीनं एका दमात विचारलेले दोन प्रश्न जन्मापासून एकाच घरातले आहेत. जिथून निरोप येतो, तिथूनच उपद्रवही येतो.

फ्लॉपी, दुरुस्तीची दुकानं आणि पुणे

पुढची पंधरा वर्षं मेल बहुतेक विद्यापीठं आणि लष्कराकडेच होता. सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरला नेटवर्कच नव्हतं. त्यामुळे व्हायरस फ्लॉपीवरून फिरायला लागले. 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला. आयबीएम पीसीवरचा हा पहिला गाजलेला व्हायरस. त्यात या भावांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! त्यांचं म्हणणं, आमचं सॉफ्टवेअर चोरून कॉपी करणाऱ्यांना धडा शिकवायचा होता. फ्लॉपी फिरत फिरत जगभर गेली.

अमेरिकेत फ्रेड कोहेन या संशोधकानं 1984 च्या निबंधात 'कॉम्प्युटर व्हायरस' ही कल्पना शास्त्रीय पद्धतीनं मांडली होती. त्यातच त्यानं गणितानं दाखवलं होतं, की सगळे व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम बनवताच येणार नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. अँटिव्हायरसच्या खोक्यावर 'शंभर टक्के संरक्षण' दिसलं की आठवायचं.

1987 मध्ये जॉन मॅकॅफीनं कंपनी काढली आणि आपला प्रोग्रॅम मोडेमवरच्या बुलेटिन बोर्डांवरून वाटला. घरी वापरा, कंपन्यांनी मात्र लायसन्स घ्यावं. 1992 मध्ये 'मायकेलअँजेलो' व्हायरसची मोठी भीती पसरली. 6 मार्च, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, तो हार्ड डिस्क पुसणार होता. बातम्यांत 50 लाख कॉम्प्युटरपर्यंतचे अंदाज आले. प्रत्यक्षात आकडा काही हजारांच्या घरात राहिला. पण लोकांनी घाबरून अँटिव्हायरस मात्र धडाधड घेतले. भीतीवर हा माल चांगला खपतो, हे धंद्याला तेव्हाच कळलं.

याच काळात गोष्ट पुण्यात येते. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणारी मशिन व्हायरसनं भरलेली असायची, म्हणून संजय ती साफ करणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातून 'क्विक हील' झालं. 1995 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावानं कंपनी नोंदली गेली, 2007 मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात आली. मुंबईत ई-स्कॅन, चेन्नईत के7, असे आणखीही देशी अँटिव्हायरस उभे राहिले. म्हणजे हा विषय सगळाच्या सगळा सिलिकॉन व्हॅलीतला नाही. एक शाखा आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या वासात वाढली.

मेल नेमका राहतो कुठे?

आता मेलकडे. 1988 मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरनं 'युडोरा' हा मेल प्रोग्रॅम लिहिला. पोस्टात राहायला गेलेल्या बाईची कथा लिहिणाऱ्या लेखिका युडोरा वेल्टी, त्यांच्यावरून नाव. माउसनं क्लिक करून मेल वाचायचा, हे अनेकांनी पहिल्यांदा युडोरात केलं.

त्या काळात सर्व्हरवर जागा महाग होती. म्हणून 'पॉप' नावाची पद्धत चालायची, ती 1984 ची. पोस्टमनसारखं समजा. पत्र तुमच्या घरी टाकलं की पोस्टात काही उरत नाही. मेल सर्व्हरवरून उतरायचा, तुमच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि सर्व्हरवरून पुसला जायचा. 1986 मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिननं 'आयमॅप' ही दुसरी पद्धत आणली. त्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं आणि तुम्ही कुठल्याही मशिनवरून ते वाचता. आज फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवरही 'वाचलेला' दिसतो, तो अशा पद्धतीमुळे. पण घरगुती कनेक्शनवर कित्येक वर्षं पॉपच चालत राहिलं.

भारतात व्हीएसएनएलनं 15 ऑगस्ट 1995 ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवातीच्या स्वस्त खात्यांत नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. त्यानंतर 4 जुलै 1996 ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं. सॉफ्टवेअर नको, स्वतःचा कॉम्प्युटर नको, सायबर कॅफेत बसा आणि मेल वाचा. पुढच्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं ते सुमारे 40 कोटी डॉलरना घेतलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरबरोबर आउटलुक एक्सप्रेस फुकट आलं आणि मग विंडोजबरोबर घराघरात गेलं. हे कुणी फारसं निवडलं नाही. डेस्कटॉपवर होतं म्हणून वापरलं.

मेलमधून आलेला पाहुणा

आणि मग दोन्ही धागे परत एकत्र आले. 26 मार्च 1999 ला 'मेलिसा' आला. वर्डची एक फाइल मेलबरोबर यायची. ती उघडली की आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या 50 जणांना तोच मेल जायचा. ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळे लोक उघडायचे.

पुढच्या वर्षी, 4 मे 2000 ला, मनिलाहून 'आय लव्ह यू' सुटला. विषयाच्या जागी तेच तीन शब्द. सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' दिसायचं, म्हणजे साधा मजकूर वाटायचा. खरं तर त्यापुढे आणखी एक टोक होतं, 'व्हीबीएस', म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं टोक लपवतं, त्यामुळे ते दिसायचंच नाही. ब्रिटिश संसदेला त्या दिवशी मेल बंद ठेवावा लागला. लिहिणारा होता मनिलातला एक विद्यार्थी. त्याच्यावर खटला चालला नाही, कारण फिलिपिन्समध्ये त्याविरुद्ध कायदाच नव्हता! तो त्यानंतर महिन्याभरानं झाला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 2000 ला लागू झाला, आणि त्यात व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

बरं, फाइलचं टोक लपवण्याची ती सवय? आज विंडोज 11 मध्येही तीच आहे. एपिसोड पॉज करा आणि बघून या.

आमचा कॉम्प्युटर, 2008

आता घरची गोष्ट. माझे काका मस्कतला होते, बांधकाम कंपनीत सुपरवायझर. 2003 पासून ते बाबांना मेल लिहायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी, सगळं स्मॉलमध्ये, फुलस्टॉप नाही. "ithe ukada far ahe" टाइप. नाही, हे आपण देवनागरीतच लिहू: 'इथे उकाडा फार आहे, आईला सांगू नको, पत्र्याचं काय झालं.' 2007 मध्ये तिकडेच हार्ट अटॅकनं गेले.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर गेम आणायचो. त्या काळात पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा आणि व्हायरस त्याच वाटेनं यायचे. आमच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस होता, पण त्याची मुदत संपून सहा महिने झाले होते. कोपऱ्यात लाल खूण यायची, आम्ही ती बंद करायचो. एक दिवस मशिन सुरूच होईना. दुरुस्तीवाला मुलगा आला. बघून म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. फोटो डी ड्राइव्हला आहेत ना? मग काही टेन्शन नाही."

बाबा म्हणाले, "आणि मेल?"

"मेल काय काका, इंटरनेटवर असतात."

त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बाबांनाही नाही. आमचा मेल पॉपवर होता. काकांची पाच वर्षांची पत्रं सी ड्राइव्हच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये होती, सर्व्हरवर काहीच नव्हतं. फॉरमॅट झाला. बाबांनी खातं परत जोडून घेतलं. इनबॉक्स उघडला. त्यात दोन जाहिराती होत्या. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मला काही म्हणाले नाहीत. गेम कुणी आणला होता हे त्यांना माहीत होतं.

हे कॉलेजला आल्यावर, पॉप आणि आयमॅपचं लेक्चर चालू असताना, मला पहिल्यांदा नीट कळलं. पत्रं व्हायरसनं नेली नव्हती. उपायानं नेली. आणि मेल कुठे राहतो हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं म्हणून गेली.

फुकटाचा जमाना

नंतर दोन्हीकडे मोठे बदल झाले. 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं आणि एक जीबी जागा दिली, तेव्हा हॉटमेल 2 एमबी देत होतं. लोकांना एप्रिल फूल वाटलं. मेल कायमचा सर्व्हरवर राहू लागला, आणि व्हायरसची तपासणीही तिथेच, आपल्यापर्यंत यायच्या आधी व्हायला लागली. त्याबदल्यात काय? जाहिराती दाखवायला मेलमधले शब्द मशिनकडून वाचले जायचे. ते 2017 मध्ये थांबवल्याचं गूगलनं जाहीर केलं. ज्यांना पत्रं स्वतःच्या मशिनवरही हवी होती, त्यांच्यासाठी मोझिलाचं थंडरबर्ड डिसेंबर 2004 मध्ये आलं. ते आजही फुकट आहे.

अँटिव्हायरसचंही तसंच. जानेवारी 2002 मध्ये बिल गेट्सनी कंपनीत पत्र काढलं, की इथून पुढे सुरक्षितता आधी. 2004 मध्ये एक्सपीच्या मोठ्या अपडेटनं फायरवॉल आपोआप सुरू केला. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर अँटिव्हायरस आतच आला, डिफेंडर. म्हणजे नवा लॅपटॉप घेतल्या दिवसापासून दारावर वॉचमन असतोच.

बाहेरच्या फुकट वॉचमनची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अव्हास्ट हा फुकट अँटिव्हायरस जगभर लोकप्रिय. 2020 च्या जानेवारीत उघड झालं, की त्यांची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. ती बंद केली गेली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 1.65 कोटी डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरसला आपण घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो. त्यामुळे तो कुणाचा आहे आणि जगतो कशावर, हे विचारायलाच हवं.

आणि नुसता वॉचमन पुरत नाही. 27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' युक्रेनमधून सुटला. तो तिथल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत आला. मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कुणी प्रेमपत्र उघडलं नव्हतं. त्यानं वापरलेल्या मुख्य भोकांपैकी एकावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं, त्यांची मशिन उघडी राहिली.

आधी फ्लॉपी, मग मेल, मग पेनड्राइव्ह, मग न केलेले अपडेट. आता तर तुम्हालाच फोन करून ओटीपी मागतात. दार दर काही वर्षांनी बदलतं. अँटिव्हायरस साहजिकच कालच्या दाराला चांगला ओळखतो.

बहिणीला काय सांगितलं

पाच मिनिटांचे चाळीस झाले, पण सांगितलं ते असं.

एक, लॅपटॉपबरोबर ट्रायल अँटिव्हायरस आला असेल तर काढून टाक किंवा नीट विकत घे. अर्धवट ठेवू नको. विद्यार्थ्याच्या विंडोज 11 ला आतला डिफेंडर पुरतो, फक्त तो चालू आहे ना ते बघ. विकतचा घेणार असशील तर एकच, दोन नको. एका वर्षाचा घे आणि संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाक. मुदत संपलेला अँटिव्हायरस किती कामाचा, ते आमच्या घरी विचार.

दोन, अपडेट रात्री होऊ दे, पण होऊ दे. आणि फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइलच्या नावांची टोकं दिसतील असं कर.

तीन, मेल ब्राउझरमध्ये वापरलास तरी चालेल. दोन-तीन खाती असतील, किंवा प्रत स्वतःकडे हवी असेल, तर थंडरबर्ड. जोडताना आयमॅप निवड. नव्या आउटलुकमध्ये जीमेल जोडलंस तर मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशीही सिंक होतात, तेव्हा 'ओके' दाबायच्या आधी वाच. दोन पायऱ्यांचं लॉगिन आजच लाव.

चार, सहा महिन्यांतून एकदा मेलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. गूगलचं टेकआउट त्यासाठीच आहे. सर्व्हर म्हणजे बॅकअप असं समजू नको. खातं बंद झालं तर सगळंच बंद.

पाच, महत्त्वाचं काहीही कॉलेजच्या मेल आयडीवर ठेवू नको. डिग्री झाली की तो आयडी कॉलेज काढून घेऊ शकतं.

इथे ती गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, मी सगळीकडे तोच दिलाय. बँकेतसुद्धा."

"मग आज बदल."

"आज?"

"आत्ता. मी लाइनवर आहे."

बदलला. चार ठिकाणी ओटीपी आले, एका ठिकाणी पासवर्ड विसरली होती, पण बदलला.

काकांचा एक मेल अजून आहे आमच्याकडे. गावच्या घराच्या पत्र्यांचा हिशोब होता त्यात, म्हणून बाबांनी प्रिंट काढून घरपट्टीच्या फाइलला लावला होता. बारा पत्रे, त्यांचे भाव, आणि शेवटी 'गोट्याला सांग मी दिवाळीला येतो.' गोट्या म्हणजे मी. कागद पिवळा पडलाय, मागच्या रविवारी स्कॅन केला. तीन ठिकाणी ठेवलाय.

आज घरी गेलात की आई-बाबांना एक विचारा: तुमचे जुने मेल, फोटो नेमके कुठे आहेत? 'इंटरनेटवर असतील' असं उत्तर आलं, तर बसा जरा त्यांच्याशेजारी. आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.